समासातला मासा

वसीलाने ती उत्तरपत्रिका खिडकीच्या काचेला लावली आणि उजेडात धरून निरखली. मासा नंतर घुसडलेला नव्हता. ज्या निळ्या शाईत गणित सोडवलं होतं त्याच शाईत, चौथ्या प्रश्नाच्या तिसऱ्या ओळीशेजारी, समासात तो निवांत पडला होता. बोटाच्या पेराएवढा. दोन कमानी, मागे शेपटीचा त्रिकोण.

तिने कागद टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा उचलला. मासाच होता.

शिक्षकांच्या खोलीत मार्चचं ऊन तिरकं आलं होतं. कोपऱ्यात भूगोलाच्या बाई उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर हनुवटी टेकून डुलक्या घेत होत्या. वसीलाच्या मनात पाल चुकचुकली. आणि तिच्या मनात एकदा पाल चुकचुकली की ती दुसरं काही धड करू शकत नसे, हे तिच्या नवऱ्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. समोर अकरा पेपरांच्या गुणांची बेरीज करायची राहिली होती. तिने तांबड्या पेनाला टोपण लावलं.

मासा तिचा होता. म्हणजे तसा तो कुणाचाच नाही. इथे ट्युनिसकडे दारावर मासा असतो, गाडीच्या आरशाला मासा लटकतो, बाळाच्या टोपीला चांदीचा मासा टाचलेला असतो. जिथे नजर लागायची भीती तिथे मासा. पण गणिताच्या समासातला मासा फक्त वसीलाचा. मुलं जिथे हमखास घसरतात त्या ओळीशेजारी ती तो काढायची. असमतेला ऋण संख्येने गुणलं आणि चिन्ह उलटायचं राहिलं, तिथे मासा. एखादं अक्षर धन आहे की ऋण आहे की शून्य आहे याचा पत्ता नसताना त्याने दोन्ही बाजूंना खुशाल भागलं, तिथे तर मोठा मासा. एकदा सवय लागली की मुलांचा हात त्या जागी आपोआप थांबायचा. आपली ही युक्ती आपण कधीपासून वापरतो ते वसीलाला आता नीट आठवतही नव्हतं. पालक कौतुकाने विचारायचे तेव्हा ती म्हणायची, माझी पद्धत आहे.

मात्र हा मासा वर्गाच्या फळ्यावर कधी आला नव्हता. तो राहायचा वसीलाच्या घराखालच्या गॅरेजमध्ये, संध्याकाळी पाच ते सात, अर्ध्या ओढलेल्या शटरआड.

शाळेच्या आवाराबाहेर शिकवणी घ्यायला सरकारची मनाई होती. परिपत्रक आलं तेव्हा सगळ्या शिक्षकांनी रांगेत उभं राहून त्यावर सह्या केल्या होत्या, आणि सह्या करून जो तो आपापल्या गॅरेजमध्ये गेला होता. त्यात कुणाला काही वाटत नसे. पायलट विद्यालय म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातून निवडून आणलेली मुलं. वर्गात अभ्यासक्रम पुरा करता करता घंटा व्हायची. खरं गणित, ज्याच्या जोरावर पोरं पुढे वैद्यकीला आणि परदेशी जातात, ते शिकवायला निवांतपणा लागतो, असं वसीला म्हणायची. निवांतपणा गॅरेजमध्ये होता. तिथे चौदा मुलं होती आणि मनूबिया त्यांच्यात नव्हती.

मनूबिया डोंगरापलीकडच्या ऐन सफ्साफ नावाच्या खेड्यातली. नववीची देशभराची निवड परीक्षा काठावर पार करून ती इथे आली, वसतिगृहात राहिली आणि पहिल्याच सत्रात गणितात वीसपैकी सात गुण घेऊन बसली. प्रगतिपुस्तकात वसीलानेच लिहिलं होतं, 'या शाळेच्या पातळीला पोचत नाही.' वर्षाची सरासरी बारावर आली नाही तर नियमाप्रमाणे मुलाला परत त्याच्या भागातल्या साध्या शाळेत पाठवतात. ती पोरगी जूनमध्ये जाणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिच्या जागेसाठी एका वकिलाने आपल्या भाचीचं नाव आतापासून पुढे सरकवलं होतं.

आणि आता तीच पोरगी साडेअठरा घेत होती. चौथा प्रश्न वर्गात तिच्याशिवाय कुणालाच पुरता सुटला नव्हता. 'म वजा दोन'ने भागायच्या अगदी आधी ती थांबली होती, मासा काढला होता आणि मग तिन्ही शक्यता वेगवेगळ्या मांडून शांतपणे पैलतीराला पोचली होती. गॅरेजची चौदा मुलं याच प्रश्नात आपटली होती, मासा पाठ असून.

कुठेतरी पाणी मुरत होतं. एक तर प्रश्नपत्रिका फुटली होती, नाहीतर गॅरेजमधले कागद बाहेर चालले होते. वसीलाने पुन्हा एकदा चित्र पाहिलं. या माशाला एक डोळा होता, पेनाच्या टोकाने रुतवलेलं टिंब. तिच्या माशाला डोळा नसायचा. चोरलेल्या सायकलीला नवा रंग फासावा तसला तो प्रकार तिला वाटला, आणि संशय होता तो पक्का झाला.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये तिने सगळ्यांचे कागद मोजून परत घेतले. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शिकवणी संपल्यावर तिने स्कंदरला थांबवून घेतलं. तो डॉक्टरांचा मुलगा. परीक्षेत मनूबियाच्या पुढच्याच बाकावर बसला होता आणि त्याची मान जरा जास्तच वळते, असं वसीलाचं जुनं मत होतं.

"माझे कागद तू कुणाला दाखवलेस?"

"मी? कुणालाच नाही, मादाम."

"मनूबियाला?"

स्कंदरला हसू आलं. त्याने ते घाईघाईने गिळलं.

"आजीला? म्हणजे, नाव जुन्या बायकांचं म्हणून आम्ही तिला आजी म्हणतो. मादाम, ती कुणाशी बोलतच नाही. नावासारखीच आहे. मधल्या सुट्टीत वही छातीशी धरून भिंतीला टेकून उभी असते, आपण काय हिची वही पळवणार आहोत का. उलट आम्हीच तिला विचारलं होतं, चौथा कसा सोडवलास म्हणून."

"मग?"

"म्हणाली, घसरायची जागा सापडली की झालं. आणि गेली."

 घसरायची जागा हे वसीलाचे शब्द होते, गॅरेजमधले. म्हणजे पोरगी नुसतं चित्र नाही, बोलणंसुद्धा उचलून घेऊन गेली होती.

रात्री जेवताना तिने हे सगळं नवऱ्याच्या, हेदीच्या, कानावर घातलं. हेदीने ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा तेलात बुडवला आणि म्हणाला की बायकोला आता माशातसुद्धा चोर दिसायला लागला, उद्या बाजारात न्यायची सोय उरली नाही. वसीला त्याच्याशी उरलेलं जेवण होईपर्यंत बोलली नाही. मग तिने लॅपटॉप उघडला आणि मुख्याध्यापकांच्या नावाने अहवाल लिहिला. तो नेटका झाला. गुणांमधली अचानक वाढ, न शिकवलेल्या पद्धतीचा वापर, संशयास्पद खूण. शिस्त समितीपुढे चौकशी व्हावी. शेवटी तिने लिहिलं, 'ही खूण वर्गात कधीही शिकवलेली नाही.' हे वाक्य तिला सगळ्यांत भक्कम वाटलं.

मुख्याध्यापक सी तिजानी, 'सी' म्हणजे इथलं 'श्रीयुत', निवृत्तीला एक वर्ष राहिलेला, कोरडा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. समितीपुढे परीक्षेतली फसवणूक शाबीत झाली तर मुलगी जूनची वाट न पाहता लगेच शाळेबाहेर, आणि दाखल्यावर तसा शेरा, हे दोघांनाही माहीत होतं. असा शेरा घेऊन आलेल्या मुलीला खेड्यातली शाळासुद्धा दारात उभी करताना विचार करते. तिजानींनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"वर्गात कधीही शिकवलेली नाही."

"नाही."

"मग मादाम वसीला, ही खूण तुमच्या ओळखीची कशी?"

 तिजानींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसत होतं. रोज साडेचारला तिथे लागणाऱ्या गाड्या कुठल्या दिशेला जातात, हे ते नऊ वर्षं पाहत होते.

"समिती हे विचारणार," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी बैठक ठेवतो. तोवर उत्तर तयार ठेवा. आणि त्याआधी मुलीशी एकदा बोला. माझ्या सांगण्यावरून नाही, नियमात आहे म्हणून."

वसीला तिथून निघाली ती चिडूनच. तिला मुलीचा राग आला होता, तिजानींचाही आला होता. सगळ्यांत जास्त राग कशाचा आला होता ते तिने स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी, वर्ग रिकामे झाल्यावर, तिने मनूबियाला फळ्यापाशी उभं केलं. पोरगी सडपातळ, उंच, निळ्या एप्रनच्या बाह्या आखूड झालेल्या. वही तिने खरंच छातीशी धरली होती.

"वही तिकडे ठेव. खडू घे. सांगते ते लिही."

वसीलाने रात्री बसून एक नवीन उदाहरण रचलं होतं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि गॅरेजमधल्या कागदांतही नव्हतं. त्यात घसरायच्या जागा एक नाही, दोन होत्या, आणि दुसरी चांगली लपवलेली. चोरीचा माल असेल तर इथे उघडा पडणार होता. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि डोळ्यांत तेल घालून पाहू लागली.

मनूबियाने उदाहरण पूर्ण वाचलं. मग ओळीखाली ओळ लिहीत गेली. पहिल्या जागी थांबून तिने मासा काढला, डोळा काढला, पुढे गेली. दुसऱ्या जागेवरून ती पुढे सरकली आणि वसीलाने श्वास सोडला. सापडली. पण दोन ओळींनंतर खडू थांबला. पोरगी मागे आली, लिहिलेलं तळहाताने पुसलं, तिथे दुसरा मासा काढला, डोळा काढला आणि शेवटापर्यंत गेली.

तळहाताचा खडू एप्रनला पुसत ती तशीच पाठमोरी उभी राहिली. उत्तर बरोबर होतं.

वसीलाला आनंद व्हायला हवा होता. तीस वर्षांत अशी फळ्याशी उभी राहणारी मुलं तिला पाच-सहाच मिळाली होती. पण संशय एकदा घरात घेतला की तो चटकन उठून जात नाही. तिने प्रश्न फक्त बदलला.

"मासा कुठून आणलास?"

"कुठून नाही."

"कुणी शिकवला?"

"कुणी नाही, मादाम."

"हे बघ, उद्या समिती बसते आहे. तू प्रश्नपत्रिका चोरलीस असं मी म्हणत नाही, ते आता मला दिसलं. पण माझे कागद कुणाकडून तरी तुझ्याकडे येतात. नाव सांग आणि सुटून जा. नाही सांगितलंस तर शाळा जाईल तुझी. कळतंय?"

"कळतंय."

"मग?"

मनूबियाने मान खाली घातली.  मग तिने जे विचारलं त्याची वसीलाने अपेक्षा केली नव्हती.

"ज्याने शिकवलं त्याला तुरुंगात टाकतात का, मादाम?"

"कुणी सांगितलं तुला असं?"

"वसतिगृहाच्या जिन्यात कागद लावलाय. शाळेबाहेर शिकवलं तर गुन्हा. निवृत्त शिक्षकांनी शिकवलं तरी गुन्हा, असं लिहिलंय." ती क्षणभर थांबली. "खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. तुमची पण आहे."

पोरीच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. वसीलाच्या पहिल्यांदा लक्षात आलं की गेले तीन महिने ही मुलगी आपल्याकडे तशीच पाहत होती, जशी आपण या आठवड्यात तिच्याकडे पाहत होतो. पोलिसाच्या दारावरून जाताना पाहतात तशी.

"मी कुणाला सांगणार नाही," वसीला म्हणाली. स्वतःलाच ते वाक्य ओळखीचं वाटलं नाही.

मनूबियाने विश्वास ठेवला नाही. ते दिसत होतं. पण तिला ती गोष्ट कुणाला तरी सांगायचीही होती.

"ते काही घेत नाहीत," ती म्हणाली. "आई त्यांना भट्टीतली गरम भाकरी पाठवते, तेवढंच. आमच्या गावचे नाहीत ते, त्यांची बायको होती गावची. पहिल्या सत्राचे गुण कळले तेव्हा ते स्वतः घरी आले. आईला म्हणाले, पोरगी सुट्टीला आली की शनिवारी माझ्याकडे पाठवत जा. मी चुकले की ते चूक म्हणत नाहीत. विचारतात, कुठे घसरलीस? मग ती जागा मीच शोधायची आणि मासा काढायचा. पुढच्या वेळी लिहायच्या आधी काढायचा."

"आणि डोळा?"

"डोळा पाहिजेच. मासा डोळे मिटत नाही ना. झोपला तरी उघडेच. इथे तूही डोळे उघडे ठेव, म्हणतात."

वसीला बाकावरून उठली आणि पुन्हा बसली.

"खडू कुठल्या हातात धरतात?"

मनूबियाने चमकून वर पाहिलं.

"डाव्या."

बाहेर मैदानात कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. वसीला ते मोजत बसली, काहीतरी मोजायला हवं म्हणून. तिच्या लहानपणी गावच्या शाळेत खर्नूबाच्या झाडाखाली लाकडी फळा टेकवलेला, शुक्रवारची दुपार, चार पोरं आणि सी अमारा. डाव्या हातात खडू, बाहीला कायम पांढरा पट्टा. त्या वर्षी जिल्ह्यात पायलट शाळा पहिल्यांदाच निघणार होती आणि या तरुण मास्तराने हट्ट धरला होता की आपल्या शाळेतलं एक तरी पोर तिथे जाईल. तेव्हा प्रवेश सहावीनंतर होता. गेली ती वसीला. बारा वर्षांची, अनवाणी फळ्याशी उभी राहून रडत होती आणि ते विचारत होते, कुठे घसरलीस बाळ? दाखव मला. पहिली दोन वर्षं ती सुटीत त्यांना भेटायला जायची. मग त्यांची बदली झाली. मग तिचं ट्युनिसचं कॉलेज, नोकरी, लग्न. ते कधीच गेले असतील असं तिने धरून ठेवलं होतं, आणि चौकशी केली नव्हती. डोळा कधी सुटला ते तिला आठवेना. चौदा जणांसाठी भराभर काढताना सुटला असेल. पुढे ती मासा माझा आहे म्हणायला लागली तेव्हा तिला कुणी हटकलं नाही, कारण हटकणारा माणूस डोंगरापलीकडे होता.

लाज वाटली तिला. उघड, गालापर्यंत चढणारी लाज, जशी त्या फळ्याशी वाटली होती.

"तुम्ही ओळखता त्यांना?" मनूबियाने विचारलं. तिच्या आवाजात भीती होती.

"जा तू. बस चुकेल."

"आणि उद्या समिती?"

"बघते मी. जा."

मनूबियाने वही उचलली, पुन्हा छातीशी धरली आणि दारापाशी जाऊन वळली. तिला विचारायचं होतं की खरंच कुणाला सांगणार नाही ना. पण तिने विचारलं नाही, नुसतं पाहिलं. वसीलाने मान हलवली. ते पुरेसं आहे की नाही हे पोरीला ठरवता आलं नसावं.

सी तिजानी घरी निघाले होते. वसीलाने त्यांना कोट घालू दिला नाही. अहवाल मागे घ्यायचा आहे, ती म्हणाली.

"घ्या. पण नोंद झाली आहे. कारण लेखी लागेल."

त्यांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वसीलाने आधी लिहिलं, 'माझा गैरसमज झाला होता.' ते खरं होतं आणि त्याने कुणाचंच काही बिघडत नव्हतं. तिने ती ओळ वाचली. मग वर, आपल्या त्या भक्कम वाक्याकडे पाहिलं. ही खूण वर्गात कधीही शिकवलेली नाही. तिने समासात, त्या वाक्याशेजारी, एक छोटा मासा काढला. गैरसमजाची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'ही खूण मी शाळेबाहेर, शिकवणीच्या मुलांना शिकवते. वर्गातल्या मुलांना शिकवली नाही. विद्यार्थिनीने ती माझ्याकडून घेतलेली नाही. उदाहरण तिने माझ्यासमोर फळ्यावर सोडवून दाखवलं.' सी अमारांचं नाव तिने लिहिलं नाही.

तिजानींनी कागद हातात घेतला, वाचला. समासातल्या चित्रावर त्यांची नजर थोडा वेळ थांबली.

"शाळेबाहेर हा शब्द असाच ठेवायचा?"

"असाच."

"हा कागद मला फायलीत लावावा लागेल. वरून तपासणी आली तर ते वाचतील."

"लावा."

त्यांनी तो लावला. कोट घालताना ते इतकंच म्हणाले की समितीच्या सदस्यांना फोन करून शनिवारची झोप मोडू नका म्हणून सांगतो. वसीला आभार मानायला थांबली नाही.

शनिवारी आणि रविवारी तिने गॅरेज उघडलं नाही. दोन पालकांचे फोन आले. तिने घसा धरल्याचं सांगितलं. पुढे काय करायचं हे तिला ठरवता आलं नव्हतं. तीस वर्षांची सवय, मुलांची शिक्षणं, घराचा वरचा मजला, सगळं त्या शटरवर उभं होतं, आणि एका दुपारी लाज वाटली म्हणून ते सगळं सुटत नाही हे तिला चांगलं कळत होतं. हेदीने विचारलं, चोर सापडला का. ती म्हणाली, सापडला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचा विनोद केला नाही.

सोमवारी पहिल्या तासाला तिने पेपर वाटले. मनूबियाच्या पेपरावर तांबड्या शाईत साडेअठरा होते आणि दुसरं काही नव्हतं. कुजबुज झाली, मागून कुणीतरी शीळ घातली. वसीलाने पेपर वाटून संपवले आणि फळ्याकडे वळली.

"चौथा प्रश्न. एकीने सोडवलाय. बाकीचे सगळे एकाच ठिकाणी आपटलात."

तिने पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली. तिसऱ्या ओळीपाशी हात थांबला. तीस मुलं पाठीमागे होती. गॅरेजमधली चौदा त्यांच्यातच विखरून बसली होती. वसीलाने ओळीशेजारी दोन कमानी ओढल्या, मागे शेपटीचा त्रिकोण.

 स्कंदर अर्धवट उठला.

"मादाम, हा तर आपला..."

"बस खाली. आणि लिहून घे. सगळ्यांनी लिहून घ्या. मुलं इथे घसरतात म्हणून ही खूण. ही दिसली की थांबायचं, आणि दिसली नाही तर आपण शोधायची."

वह्या उघडल्या. पेनं चालू लागली. वसीला चौथी ओळ लिहायला पुढे सरकली, तेवढ्यात खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरून आवाज आला. वर्षभरात त्या बाकावरून कुणी आपण होऊन बोललं नव्हतं, त्यामुळे आवाज कुणाचा ते कळायला तिला एक क्षण लागला.

"मादाम."

"बोल."

मनूबिया उभी राहिली होती. ती वसीलाकडे नाही, फळ्याकडे पाहत होती.

"डोळा राहिला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वसीला हसली नाही. ती तिसऱ्या ओळीशी परत आली, खडू डाव्या हातात घेतला आणि सावकाश, कोवळ्या पोरीसारखी अडखळत, माशाला डोळा काढला.